रिपीटर बंद ठेवा असं मी का म्हणतो

आमच्या भागातला हौशी रेडिओचा रिपीटर गेले तीन आठवडे बंद आहे. तो बंद ठेवा म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो आणि आजही आहे. ग्रुपवर त्यावरून बरंच ऐकून घेतलं. "मृग लागला, उद्या पूर आला तं काय करसान? अन् तुम्ही चालू रिपीटर बंद कराले सांगता?" असं एका जुन्या मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. चार ओळींत उत्तर देता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, थोडी तांत्रिक आहे. ज्यांचा रेडिओशी काही संबंध नाही त्यांनीही वाचावी, कारण बिघाड आमच्या पेटीत असला तरी त्याचा त्रास आमच्यापुरता राहत नाही.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला लोक हॅम रेडिओ म्हणतात, त्याचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ नं सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. हातातला पाच वॅटचा सेट घेऊन मूर्तिजापुरातून बोललं तर सपाट जमीन, झाडं, घरं यांच्यातून आवाज फार लांब जात नाही. म्हणून एखाद्या उंच जागी रिपीटर ठेवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीनं तेच बोलतो. आपल्याकडे हौशी लोकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. त्यात ऐकणं आणि बोलणं यांत ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायची रीत आहे. समजा १४५.००० वर ऐकायचं आणि १४५.६०० वर बोलायचं.

दोन्ही कामं एकाच अँटेनावर, एकाच वेळी. लग्नाच्या मिरवणुकीत डीजेच्या भोंग्याशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकावी, तसं आहे हे. ते शक्य करणाऱ्या डब्याला डुप्लेक्सर म्हणतात. चांगला डुप्लेक्सर म्हणजे मोठमोठ्या नळकांड्यांची रांग असते, जागा खातो आणि महाग पडतो. त्यामुळे बहुतेक जण छोटा, स्वस्त डबा आणतात. तो ऐकण्याच्या जागेवर बोलण्याचा गोंगाट दाबतो. बाकी सगळीकडे काय जातंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या छंदाला मी छंद म्हणून सोडून देत नाही, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा हौशी रेडिओवाले मदतीला धावले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू दुसऱ्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होता. अंदमान-निकोबारचा संपर्क तुटला आणि या लोकांच्या रेडिओवरून माणसं जिवंत असल्याचे निरोप मुख्य भूमीपर्यंत आले. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचं पाणी अकोल्यात वस्त्यांमध्ये शिरलं ते तर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं. अशा रात्री मोबाईल टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून इथं रिपीटर असावा असं मलाही वाटतं, मित्राइतकंच वाटतं.

आता बिघाडाकडे येतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ग्रुपमधल्या एका पोरानं स्क्रीनशॉट टाकला. त्याच्याकडे लॅपटॉपला लावायचा स्वस्त रिसीव्हर आहे, डोंगल म्हणतात तो. रिपीटर बोलत असताना पडद्यावर मुख्य सिग्नलच्या दोन्ही बाजूंना वीसेक काटे उभे राहिलेले दिसत होते. यांनाच स्प्युरियस म्हणतात. आपण मागितले नाहीत, उपयोगाचे नाहीत, तरी ट्रान्समीटरमधून निघतात असे आगंतुक सिग्नल. झालं, दोन तट पडले. एक म्हणे रिपीटर भंगार आहे, दुसरा म्हणे पोराला काही कळत नाही. दोन्हीकडच्या एकानंही काही मोजलेलं नव्हतं.

पोरगा अर्धा बरोबर होता. त्याचे बहुतेक काटे खोटे होते. डोंगल हा नाजूक जीव. जवळच्या जोरदार सिग्नलनं तो गुदमरतो आणि स्वतःच्या पोटात नवे सिग्नल तयार करतो. खरे कोणते, खोटे कोणते, हे ओळखायची युक्ती जुनी आहे. डोंगलच्या आधी दहा डेसिबलचा अटेन्युएटर लावायचा. जो काटा बरोबर दहानं पडेल तो खरा, बाहेरून येतोय. जो वीस-तीसनं पडेल किंवा गायबच होईल तो डोंगलनं घरी केलेला. आम्ही लावून पाहिला. वीसातले सतरा-अठरा काटे नाहीसे झाले. उरलेले मात्र दहानंच पडले.

उरले होते दोन फुगवटे. काटे म्हणता येणार नाहीत असे जरा रुंद, मुख्य सिग्नलच्या खाली आणि वर सारख्या अंतरावर, साधारण अकरा-बारा मेगाहर्ट्झवर. शिवाय ते एका जागी थांबत नव्हते. पेटी तापत जाई तसे सरकत होते.

डोंगलवर आणखी विसंबणं बरं नव्हतं. एका प्राध्यापक मित्रानं रविवारी त्यांच्या प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रम ॲनालायझर वापरू दिला. त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर खाली यंत्र नव्यासारखं! असो. त्यावर पुढचे तीन तास गेले. तपासाचा क्रम सांगतो, कुणाच्या कामी आला तर येऊ द्या.

पहिल्यांदा ट्रान्समीटर डुप्लेक्सरपासून सोडवून थेट डमी लोडवर लावला. डमी लोड म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा भार, ताकद उष्णतेत जिरवतो. २५ वॅट पूर्ण सोडले. फुगवटे नाहीत, सगळं साफ. म्हणजे दुकानातून पेटी आणली तेव्हा ती "टेस्ट करून" दिली होती हे खरंच असणार, कारण दुकानात याच भारावर टेस्ट करतात. मग डुप्लेक्सर मध्ये घातला आणि त्याच्या पुढे डमी लोड. फुगवटे हजर.

मग वीजपुरवठा बदलला. स्विचिंग सप्लाय काढून नुसती बॅटरी लावली. सप्लायचा दोष असता तर मुख्य सिग्नलला चिकटून, काही दहा किलोहर्ट्झ अंतरानं, पिलावळ दिसली असती. बॅटरीवरही फुगवटे तसेच, सप्लाय निर्दोष. ताकद २५ वरून १० वॅटवर आणली तेव्हा ते दिसेनासे झाले. पंधराच्या वर नेली की परत. शेवटी ट्रान्समीटर आणि डुप्लेक्सर यांमधली केबल बदलून वेगळ्या लांबीची लावली. फुगवटे अख्खे जागेवरून हलले, एका लांबीला तर गेलेच.

इतक्यावरून निदान पुरेसं होतं. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातला, ताकद देणारा ॲम्प्लिफायर डगमगत होता. डमी लोड त्याला सगळ्या फ्रिक्वेन्सीवर सारखाच, शांत भार देतो. डुप्लेक्सर मात्र फक्त १४५.६०० च्या आसपास शांत असतो. इतर ठिकाणी तो आलेली ताकद परत फेकतो आणि ती किती, कोणत्या वेळेला परत येते हे केबलच्या लांबीवर ठरतं. त्या धक्क्यानं ॲम्प्लिफायर स्वतःच गुणगुणायला लागतो. सभेत माईक भोंग्यासमोर धरला की जी शिट्टी वाजते, तिचाच हा भाऊबंद.

आता मोजलेले आकडे. फुगवटा मुख्य सिग्नलपेक्षा सुमारे ४० डेसिबलनं खाली होता. ऐकायला बरं वाटतं, चाळीसनं खाली! पण ४० डेसिबल म्हणजे दहा हजाराव्या भागाइतका. २५ वॅटचा दहा हजारावा भाग अडीच मिलिवॅट. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतली सर्वसाधारण मर्यादा ४३ अधिक दहा लॉग वॅट अशी लिहिलेली असते. २५ वॅटला ती ५७ डेसिबल येते आणि तिचा हिशेब केला तर आगंतुक सिग्नलला ५० मायक्रोवॅटपर्यंत मुभा मिळते. आमचा होता २५०० मायक्रोवॅट. पन्नास पट.

आणि तो पडत कुठं होता? १४५.६०० मधून साडेअकरा वजा केले की १३४ च्या जवळ येतो. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांचा आहे. वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक याच पट्ट्यात बोलतात, तेही एएमवर, ज्यात बाहेरचा आवाज सहज मिसळतो. पूर्वी कुणी म्हटलं असतं की वऱ्हाडात विमानं कुठं आहेत. डोक्यावरून तेव्हाही जात होती, पण सोडा. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याला मुंबईचं प्रवासी विमान उतरतं. वैमानिक घडवायचं केंद्रही तिथंच ठरलेलं आहे. म्हणजे नवशिकी पोरं विमान घेऊन आपल्या डोक्यावर फिरणार. अँटेना उंचावर, मध्ये अडथळा काही नाही, वर विमान. अशा वेळी अडीच मिलिवॅट पुष्कळ लांब जातात. फुगवट्याचा वरचा जोडीदार पडत होता १५७ च्या आसपास. कागदोपत्री तिथं समुद्री जहाजांचा पट्टा सुरू होतो. वऱ्हाडात समुद्र नाही एवढंच आमचं नशीब, पण पोलीस, वनखातं आणि रेल्वेच्या गार्ड-ड्रायव्हरचे सेट ज्या व्हीएचएफवर चालतात ते याच शेजारातले. जंक्शनच्या गावात हे विसरून चालेल का?

त्या स्वस्त डुप्लेक्सरनं हे अडवलं का नाही, तर वर लिहिलं तेच. त्याचं काम फक्त १४५.००० ची जागा शांत ठेवायचं. त्यामुळे आमचा रिपीटर स्वतःपुरता उत्तम चालत होता. आवाज स्वच्छ, पल्ला चांगला. वापरणाऱ्याला दोष कधीच कळला नसता.

मग एका विशिष्ट लांबीच्या केबलवर फुगवटे गेले होते, तर तीच लावून चालू का करू नये? खरा वाद इथं आहे. ग्रुपनं तसंच केलं होतं. संध्याकाळी लावली, साफ दिसलं, टाळ्या वाजल्या. मी म्हटलं, दुपारी दोनला परत पाहू. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं ते इथल्या माणसाला माहीत आहे. बाहेरच पारा ४५ च्या घरात, आत पेटीला हात लावता येत नाही. उष्णतेनं डुप्लेक्सरची नळकांडी कणभर लांबतात, त्यांचा सूर बदलतो, ट्रान्झिस्टरचा स्वभाव बदलतो. दुपारी दोनला फुगवटा परत आला होता, फक्त आता जरा दुसऱ्या जागी. केबलची लांबी जमवणं म्हणजे डगमगत्या टेबलाखाली कागदाची घडी. टेबल हललं की घडी सरकते.

पक्का उपाय वेगळा आहे. ट्रान्समीटर आणि डुप्लेक्सरच्या मध्ये आयसोलेटर घालायचा. तो ताकद पुढं जाऊ देतो, परत फिरलेली ताकद बाजूच्या भारात जिरवतो, म्हणजे ॲम्प्लिफायरला धक्का लागत नाही. आयसोलेटर स्वतः थोडे हार्मोनिक्स तयार करतो. १४५.६ ची दुप्पट २९१.२ होते, ती लष्करी विमानांच्या पट्ट्यात जाते, म्हणून त्याच्या पुढं लो-पास फिल्टर. शक्य झालं तर एक बँड-पास नळकांडं. आणि ताकद २५ ऐवजी १० वॅट, निदान उन्हाळ्यात तरी. आयसोलेटर मागवलाय, यायचाय. तो येऊन, भर दुपारी मोजून होईपर्यंत रिपीटर बंद राहावा, इतकंच माझं म्हणणं आहे.

"पण तक्रार कोनाची आली काय?" हे मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलं गेलं. राजेहो, तक्रार येणार कशी? वैमानिकाला कानात खरखर ऐकू येईल. ती एखाद्या गावातल्या पत्र्याच्या खोलीतून येते हे त्याला कोण सांगणार? तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जाईल आणि पुढच्या कामाला लागेल. शोधायचं झालं तर दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंगची यंत्रणा आहे, नागपुरात केंद्र आहे. पण आमचा फुगवटा फक्त रिपीटर बोलत असताना, तापल्यावर आणि दर वेळी नव्या जागी निघतो. तक्रार आली नाही याचा अर्थ त्रास झाला नाही असा काढता येत नाही.

पुराचा मुद्दा राहिला, तो सगळ्यांत वजनदार. मी तो उलटा पाहतो. रिपीटर एरवी दिवसातून दहा मिनिटं बोलतो. पुराच्या दिवशी तो तासन् तास बोलणार, म्हणजे पेटी सतत तापलेली आणि फुगवटा सतत हजर. आणि त्याच दिवशी बचावाचं हेलिकॉप्टर आलं तर ते खाली, आपल्याच गावावर, त्याच विमानांच्या पट्ट्यात बोलत येणार. वर्षभर ज्याचा उपद्रव कुणाला कळत नाही तो नेमका त्या दिवशी आडवा येईल. दरम्यान आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. दहा वॅटच्या खाली, डुप्लेक्सरशिवाय, दोन सेट थेट एकमेकांशी बोलतील अशी साखळी पूर्णेच्या काठच्या गावांपर्यंत लावता येते. कष्ट जास्त आहेत, चढावं लागतं, माणूस बसवावा लागतो. पण होते. नियम आणि माणसं दोन्ही त्यात सांभाळली जातात.

आता माझी खरी तक्रार सांगतो, ती रिपीटरवर नाही. या भागात कुणी काही मोजतच नाही. आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या माना गावापर्यंत अमरावतीहून येणारा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. रस्त्याचा मिनिटांचा हिशेब आपण ठेवला. हवेत आपण काय सोडतो त्याचा हिशेब ठेवणारं कुणी नाही, कारण ते दिसत नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकीचं पाहा. किती खेळाच्या, हॉटेलच्या, मंगल कार्यालयाच्या पोरांच्या कमरेला ते लटकलेले असतात, परवान्याचा पत्ता नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना १३ नोटिसा काढल्या, तेव्हा कुठं चर्चा झाली. अमेरिकेतल्या एआरआरएल या हौशी संघटनेच्या प्रयोगशाळेनं असे स्वस्त हँडसेट तपासले तेव्हा त्यांतले कितीतरी आगंतुक सिग्नलच्या मर्यादेत बसले नव्हते. आपल्या बाजारात तेच आहेत.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फाइव्ह-जीचे टॉवर उभे राहायला लागले तेव्हा दूरसंचार विभागानं कंपन्यांना पत्र लिहिलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले टॉवर नकोत. विमानाचा उंची मोजणारा रेडिओ शेजारच्या पट्ट्यात चालतो म्हणून ही काळजी. तिथं मोठ्या कंपन्या होत्या, पत्र गेलं. आमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या पेटीसाठी असं पत्र कोण लिहिणार? ते आमचं आम्हालाच पाहावं लागणार.

म्हणून दोन गोष्टी मागतो. एक, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात कुठल्याही रिपीटरचं नाव घालण्याआधी एक पानाचा मोजणीचा कागद मागा. कोणत्या तारखेला, किती तापमानात, किती ताकदीवर मोजलं आणि ३० मेगाहर्ट्झपासून एक गिगाहर्ट्झपर्यंत काय दिसलं. डुप्लेक्सर लावलेला असताना मोजलेलं, नुसत्या डमी लोडवरचं चालणार नाही. दरवर्षी, मे महिन्यात, दुपारी. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माणसाला डेसिबल कळायची गरज नाही, कागद आहे की नाही एवढं पाहता येतं.

दोन, अमरावतीपासून शेगावपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तंत्रनिकेतनं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत ही यंत्रं आहेत. महिन्यातला एक रविवार ती परवानाधारकांसाठी उघडा. विद्यार्थ्यांना खरा बिघाड पाहायला मिळेल. पुस्तकातला सिग्नल नेहमी सरळ उभा असतो, आमच्यासारखा सरकत नाही. आमच्या त्या डोंगलवाल्या पोराला तीन तासांत जेवढं समजलं तेवढं एका सत्रात समजलं नसतं, हे तोच सांगतो. ज्याचं त्याचं यंत्र घेण्याचीही आता सोय आहे. टायनीएसए नावाचा खिशात मावणारा ॲनालायझर साध्या मोबाईलच्या किमतीत मिळतो. अटेन्युएटर न लावता वापरला तर तोही फसवतो, ते वेगळं.

काही जण म्हणतील, एवढे नियम लावले तर हौशी माणूस छंदच सोडेल. मला तसं वाटत नाही. हा छंदच मुळात यासाठी आहे की आत काय चाललंय ते माणसानं स्वतः उघडून पाहावं. ज्यांना नुसतं बोलायचंय त्यांच्यासाठी मोबाईल आहे. गाडगेबाबा याच तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढले. गावात आले की कीर्तनाआधी खराटा हातात घ्यायचे. आमच्या क्लबातही त्यांचा फोटो आहे.

आयसोलेटर आला की पहिल्या कोरड्या दुपारी मोजणी करू. जे माझ्यावर चिडले आहेत त्यांनी तर जरूर यावं आणि यंत्राचं बटण स्वतः दाबावं. आपापले हँडसेटही घेऊन या, तेही लावून पाहू. निकाल चांगला येवो की वाईट, पडद्याचा फोटो तारीख, वेळ आणि तापमानासकट इथंच टाकीन.